उलट्या हातानं

डॉक्टरीणबाई त्या दिवशी अगदी मजेत निघाल्या. जेवण मनासारखं झालं होतं, आणि काम तरी कितीसं? लॉन्ड्रीत जायचं, धुलाई यंत्राच्या दाराची मूठ बघायची, परत यायचं. शवविच्छेदनात केस पांढरे झाले, पण या कामाचा त्यांना कधी कंटाळा आला नव्हता.

लॉन्ड्रीतला कामगार यंत्रापाशीच कोसळला होता. मालक म्हणाला, "हृदय बंद पडलं त्याचं."

"हृदय सगळ्यांचंच बंद पडतं हो. कशानं, ते शोधायलाच तर आम्हाला ठेवलंय."

मेलेल्याच्या तळहातावर एक फिकट, टणक चट्टा होता, मधे खोलगट, कडेनं वाकलेला. त्याचं माप दाराच्या मुठीशी जुळलं, की मृत्यू विजेनंच हे पक्कं.

लॉन्ड्रीच्या दारात मेलेल्याची थोरली बहीण उभी होती. तीही तिथेच इस्त्री करायची. "उद्यापासून यंत्र मी चालवायचं म्हणतात," ती हळूच म्हणाली. "चालवू ना?"

"थांब. आधी मला बघू दे."

बाईंबरोबर आलेल्या वीज तपासनिसानं यंत्राचं बटण बंद केलं आणि तो टेस्टर आणायला गाडीकडे गेला. मालक आणि बहीण बाहेरच थांबले. बाई आत एकट्याच राहिल्या. भर दुपारीही खोलीत अंधारून आल्यासारखं वाटत होतं. साबणाचा आणि कोंडलेल्या ओल्या कपड्यांचा वास घशाशी येत होता. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. पायाखालची फरशी ओली होती, आणि तिचा गारवा बुटांतून वर चढत होता.

बाई वाकल्या. मूठ तशीच वाकडी होती, चट्ट्यासारखी. पकड कशी बसली असेल ते बघावं, म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"बाई... उलट्या हातानं."

आवाज अगदी कानाशी आला. म्हाताऱ्या बाईचा, दमलेला. वळून बघायच्या आधीच त्यांचा तळहात आपोआप फिरला आणि बोटांची पाठ मुठीला लागली. खाडकन झटका बसला. हात मागे फेकला गेला आणि त्या भिंतीवर आदळल्या. मूठ धरली असती, तर बोटं तिच्यावरच आवळून बसली असती. जिवावरचं बोटांवर निभावलं.

तपासनीस धावत आला. बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं होतं. ते बंद केलं तरी यंत्रात वीज तशीच होती. त्यानं खांबावरूनच पुरवठा तोडायला लावला आणि यंत्राला सील ठोकलं.

बाहेर बहिणीनं बाईंचे हात धरले. "म्हणजे तो आजारानं नाही गेला..."

"नाही. तसंच लिहून देणार आहे मी."

तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. बाईंनाही बरं वाटलं. बोटं झिणझिणत होती, पण मन शांत होतं. सहज त्यांनी विचारलं, "आत ती म्हातारी कोण गं?"

बहिणीनं बाईंचे हात सोडले. म्हणाली, "भाऊ सांगायचा, ताई, आत कुणीतरी म्हातारी बोलते... आम्ही हसायचो त्याला."

"त्याच्याआधी यंत्रावर कोण होतं?"

मालक कुलुपाशी खटपट करत राहिला. "कुणी नाही... यंत्र मी जुनंच आणलं होतं."

त्यानं शटर खाली ओढलं. चौघंही बाहेर उभे होते. आत कुणीतरी यंत्राचं दार उघडलं, आणि एकेक ओला कपडा सावकाश झटकायला लागलं.