आमेले

महादेवीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा गावानं त्याला पाणाड्या ठरवून टाकलं होतं.

गावाचं तरी काय चुकलं? विहिरींनी तळ दाखवलेला, टँकरचा भरवसा नाही, आणि अशा दिवसांत भर दुपारी एक उंचेला, सावळा तरुण आडाच्या काठावर डोळे मिटून उभा! हातात लांब काठी, काठीच्या टोकाला केसाळ बोंड, कानांवर काळ्या वाट्या. काठी आडात सोडायचा आणि मान कलती करून ऐकायचा. नारळवाले पाणाडे गावानं पाहिले होते, लिंबाची डहाळी घेऊन फिरणारेही पाहिले होते. पण हा सरकारी दिसत होता. बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन श्वास रोखून उभ्या राहिल्या.

महादेवीला मात्र धीर निघेना.

“लागलं का हो पाणी?”

त्यानं डोळे उघडले. ओठांवर बोट ठेवून “श्श...” म्हणाला, आणि बोट तिथंच विसरून तिच्याकडं बघत राहिला.

“पाणी न्हाई,” शेवटी तो म्हणाला, “तुमच्या बांगड्या लागल्या. केव्हाच्या वाजून राहिल्या कानात.”

“म्हणजे तुम्ही पाणाडे न्हाईत?”

“आवाज धरतो मी, सिनेमासाठी. मुकुंद कंधारकर, नांदेड.”

“अगं बया! आवाजानं का तहान भागती?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसत-खिदळत पांगल्या. महादेवी तेवढी उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याचं असं झालं होतं. लातूरचा जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं घर ते. नवं बिऱ्हाड थाटलं की भांडीकुंडी लागतात, तशा नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, पाट्या लागतात, आणि आपली म्हणून थोर माणसंही लागतात. कुणा साहेबाच्या मनात आलं, जिल्ह्यातल्या कर्तबगार बायांवर एक माहितीपट काढावा. मुंबईहून दिग्दर्शिका प्रमोदिनीबाई आल्या, काळा चष्मा आणि घाईची जीभ घेऊन. आवाजाला नांदेडचा मुकुंद आला.

निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या या गावातली कर्तबगार बाई म्हणजे नागुबाई. निजामाच्या अखेरीला रझाकार गावोगाव फिरत होते, आणि चळवळीतली माणसं रानात लपली होती, तेव्हा नागुबाई पहाटे जात्यावर बसायची. गावात धोका असला की कन्नडात गायची. वाट मोकळी असली की मराठीत. रानातली माणसं दुरून कान देऊन ठरवायची, परतायचं की नाही. जात्यावर बसलेल्या बाईचा संशय कोण घेणार?

आता तिची नजर गढूळ झाली होती, कान मात्र शाबूत होते. बोलता बोलता ती मराठीतून कन्नडात घसरायची आणि प्रमोदिनीबाई डोक्याला हात लावायच्या. म्हणून मग किराणा दुकानदार ईश्वरप्पांच्या लेकीला बोलावणं गेलं. घरात कन्नड बोलणारी, उदगीरला बी.ए. झालेली महादेवी. “बाईमाणसाचंच काम हाय, जाऊ दे,” म्हणत ईश्वरप्पांनी परवानगी दिली. आवाजवाला बाप्या आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“नागुबाई मात्र आमच्या हं,” पहिल्याच दिवशी मुकुंदनं कळ काढली. “माहेर देगलूरकडचं. म्हणजे नांदेड जिल्हा.”

“माहेर असंल तुमचं. नांदली कुठं? इथं. बाई आमची!”

“पण गळा आमच्याकडचा ना?”

“आणि दळण कुणाचं दळलं?”

नागुबाई बोळक्या तोंडानं हसायची. “भांडा लेकरांनो, भांडा. लई दिवसांनी घरात भांडण ऐकून राहिले.”

एकदा त्यानं कानांवरच्या वाट्या काढून हलकेच महादेवीच्या कानांवर ठेवल्या. जातं घरघरत होतं. नागुबाईचा श्वास अगदी कानाशी येत होता. आणि त्या पहाटेच्या ओवीत मध्येच किणकिण... तिची स्वतःची. आपण एवढ्या वाजतो, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. तिनं वर पाहिलं, तर तो तिला ऐकताना बघत होता. कानशिलं तापली तिची. वाट्या काढल्या तरी ती तापलेलीच.

शेवटच्या दिवशी मुकुंद म्हणाला, “आता शांतता टेपवर भरून घ्यायची.”

“शांतता काय भरायची?”

“प्रत्येक घराची निराळी असती. ह्या घराची ती ह्याच घरात मिळणार.” मग माईक सरळ करता करता, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, “आमची एक लेक तुम्ही आणली. आता लातूरची एक नांदेडला द्या की... फिट्टंफाट.”

म्हणाला हसतच, पण शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज हलला. महादेवीनं चमकून पाहिलं. ही थट्टा, की—

“सायलेन्स!” प्रमोदिनीबाई ओरडल्या.

आता बोलायची सोय नव्हती. ती भिंतीला टेकून उभी, तो समोर. घर गप्प, गाव गप्प. पाणी नसलेल्या गावात पाखरंही कमीच. त्यानं नजर काढली नाही, आणि तिनंही काढली नाही. तिचा हात आपोआप पदराकडं गेला आणि बांगड्या किणकिणल्या.

“कट! कोणाच्या बांगड्या त्या? पुन्हा घ्या!”

दुसऱ्या वेळी महादेवीनं मनगट घट्ट धरून ठेवलं. जेमतेम झालं असेल-नसेल, तोच वेशीवर टँकरचा भोंगा वाजला. झालं! घागरी, कळशा, डबे घेऊन गाव धावत सुटलं, आणि प्रमोदिनीबाईंनी सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. महादेवीही घागर घेऊन धावली. तहान काही प्रेमासाठी थांबत नाही. जीप गर्दीतून हळूहळू वाट काढत तिच्याजवळ आली. मुकुंद मागून वाकला.

“महादेवी... उत्तर?”

समोर बायकांची झुंबड, दुकानाच्या पायरीवर बाप उभा, कमरेवर घागर. धांदलीत माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते.

“आमेले!” ती म्हणाली.

आमेले म्हणजे नंतर. नंतर सांगते, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्याचा चेहरा एकदम उतरला. त्यानं मान हलवली, आणि जीप फुफाट्यात दिसेनाशी झाली.

तो ‘नंतर’ काही येईना. महादेवी रोज एस.टी.च्या वेळेला दुकानात या ना त्या कामानं यायची. उतरणाऱ्यांत मास्तर असायचे, तलाठी असायचे, तो नसायचा. थट्टाच होती मग, ती स्वतःला समजावायची. शहरातली माणसं, गावोगाव अशीच बोलत असतील. पण मग शेवटच्या शब्दाला आवाज का हलला? जीव त्या एका शब्दात अडकून पडला होता. भाकरी थापताना बांगड्या वाजल्या तरी तिला वाटायचं, कुणीतरी ऐकतंय. पाऊस आला, तोही चार शिंतोडे टाकून गेला. सोलापूरचं एक स्थळ आलं. “बघायला बोलवू का?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“आमेले,” ती म्हणाली. बाप बिचारा समजला, पोरगी लाजली.

आणि मग निरोप आला: लातूरला माहितीपट दाखवणार, नागुबाईंना घेऊन या.

सभागृह खच्चून भरलं होतं. नागुबाई पहिल्या रांगेत नवं इरकल नेसून बसली होती, शेजारी महादेवी. तिनं दारापासून व्यासपीठापर्यंत सगळीकडं नजर फिरवली होती. तो नव्हता. अंधार झाला, पडद्यावर जातं फिरलं, नागुबाईचा आवाज घुमला. शेवटी पडद्यावर नुसतं रिकामं घर उरलं, आणि त्या घराची शांतता.

किणकिण.

महादेवीनं चटकन मनगट घट्ट धरलं. बिघडलेली, पुन्हा घ्यायला लावलेली ती शांतता! चांगली होती ती टाकून त्यानं हीच ठेवली होती.

“अगं!” नागुबाई भर सभेत ओरडली. “ह्या तर आपल्या महादेवीच्या बांगड्या!”

अख्खं सभागृह हसलं, दिवे लागले. मागं मात्र, कर्ण्याजवळच्या खांबाआड, कुणीतरी अंग चोरलं. महादेवीनं ते बरोबर हेरलं.

बाहेर लिंबाखाली तिनं त्याला गाठलं.

“पळून कुठं चाललात? आणि खराब आवाज का ठेवला?”

“दुसरी शांतता चांगली होती,” मुकुंद खाली मान घालून म्हणाला. “पण त्यात तुम्ही नव्हता. माझ्याकडं तुमचं म्हणून तेवढंच होतं. प्रमोदिनीबाईंचे पाय धरले, तेव्हा ठेवू दिलं.”

“मग आलात का नाही? मी रोज... रोज एस.टी. बघून राहिले!”

“कसा येणार? तुम्ही कन्नडात उत्तर दिलं.”

“मग?”

“कन्नडात म्हणजे धोका. येऊ नका. नागुबाईंनीच सांगितलं ना... मी समजून गेलो.”

महादेवी त्याच्याकडं बघतच राहिली. हसावं की रडावं कळेना, मग दोन्ही एकदमच आलं.

“अहो, आमेले म्हणजे नंतर! नंतर सांगते म्हणाले मी!”

त्यानं मान वर केली. मग अगदी हळू, जणू समोर माईक आहे, “नंतर म्हणजे... कधी?”

इतक्यात काठी टेकत नागुबाई येऊन पोचली. “ऐकलं मी सगळं. तुझ्या बापाला मी बघते गं. रझाकारांना भ्याले न्हाई, ईश्वरप्पाला भिऊ का?” आणि ती तशीच पुढं गेली, हसत.

महादेवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. इकडंतिकडं पाहिलं. मग नागुबाईची ओवी ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, मराठीत:

“पहाट फुटली, अंगण झाडिलं...
येत्या पावलासाठी दार मी उघडिलं...”

मुकुंदचे डोळे भरून आले. लपवायला म्हणून तो हसला.

“आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा म्हणतेस?”

‘म्हणतेस’ म्हणाला तो. ते तिनं ऐकलं, जपून ठेवलं, आणि बांगड्या वाजवत नागुबाईमागं चालू लागली.

“आमेले!” तिनं मागं वळून म्हटलं.

या वेळी तो तिच्या मागोमाग निघाला.