गिअरवरचा हात

गाडी विकायची ठरली, म्हणून मी उत्तमला फोन केला. सुरुवात इतक्या साध्या कामाने झाली.

पराग, माझा नवरा, त्या पावसाळ्यात काविळीने गेला. २००६ सालची गोष्ट. शांती नगरमधल्या वन रूम किचनमध्ये मागे राहिले मी, आणि खाली कव्हराखाली त्याची जुनी लान्सर. लालबाग सोडून इकडे आलो तेव्हा त्याने ती सेकंडहँड घेतली होती. बाकीचे लोक घरात फर्निचर करून घेत होते, हा गाडीला काही ना काही करून घ्यायचा. आधी मोठा एअर फिल्टर, मग घुमणारा जाड सायलेन्सर, मग कडक स्प्रिंगा. जुनी झाली म्हणून काय झालं, पळायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आम्हाला मूल नव्हतं. त्याचं लाडाचं असं तेवढंच.

रविवारी तो मला मुर्धा गावावरून पुढे डोंगरी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालवायला शिकवायचा. दोन्ही बाजूंना मिठागरं, वारा, आणि चिटपाखरू नाही. गिअर टाकताना माझी गडबड झाली की डाव्या सीटवरून तो आपला हात माझ्या हातावर ठेवायचा आणि गिअर बसवायचा. बोलायचा काही नाही.

उत्तम मुर्ध्याचाच. मिठाच्या जुन्या गोदामात त्याने गॅरेज काढलं होतं आणि परागची सगळी कामं तिथेच व्हायची. गाडी बघायला आला, डिकी उघडली, तर आत गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स. आजारी पडायच्या आधी पराग तो भंगार बाजारातून घेऊन आला होता. तो बसवला की गाडीचा पिकअप बदलेल, असं मला कितीदा सांगितलं होतं त्याने. उत्तम म्हणाला, गिऱ्हाईकाला गाडी कंपनीतून आली तशी लागते, हे सगळं काढून टाकू. मी म्हटलं, काढ, पण आधी हा बसव. परागला ती तशी पळताना बघायची होती. मग विकू.

गाडी तयार झाल्यावर मी एकटीच तिला घेऊन निघाले. ऊन उतरलं होतं. मिठाचे ढीग पिवळसर दिसत होते. मुर्धा मागे पडलं, वळण आलं, मी क्लच दाबला आणि हात गिअरवर चाचपडला... तेवढ्यात माझ्या हातावर एक हात आला. सावकाश, ओळखीचा असल्यासारखा. गिअर अलगद बसला. गाडी अशी पुढे झेपावली की मी सीटला चिकटले.

मी डावीकडे बघितलं नाही. बघितलं तर जाईल, असं वाटलं. पार डोंगरीपर्यंत रडत गेले.

मग गाडी विकली नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना काहीबाही कारणं सांगून परत पाठवलं. आठवडाभर ऑफिस, घरी आलं की टीव्हीचा आवाज, आणि मग रविवार. वाटेत मी त्याला सगळं सांगत जायचे. ऑफिसात कोण काय म्हणालं, सोसायटीत पाणी किती वेळ येतं, त्याची आई फोनवर काय बोलली. समोरच्या ब्लॉकमधली ऋतिका एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "भाभी, आजकल अच्छी दिखती हो." मलाही तसं वाटत होतं.

मार्च लागला असेल. एका रविवारी दिवस मावळताना मी बांधाजवळ गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं होतं. हात माझ्या हातावर तसाच होता. इतक्या दिवसांत कधी धीर झाला नव्हता, पण त्या दिवशी मी माझा तळवा उलटा केला आणि त्याच्या बोटांत बोटं गुंफली.

तीन बोटांत अंगठ्या होत्या. जाड, खड्यांच्या.

पराग अंगठी घालायचाच नाही. लग्नातली त्याने हनिमूनवरून आल्या आल्या कपाटात टाकली होती.

मला हात ओढून घेता येईना. बाहेर खारा वारा होता, आणि गाडीत मात्र ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा वास भरत चालला होता. डोंगरात पाऊस पडतो तेव्हा येतो तसला.

"कोण...?" मी विचारलं.

ती बोटं माझ्या बोटांवर हळूहळू मिटली.

कशी परतले, आठवत नाही. थेट उत्तमच्या गॅरेजवर गेले आणि विचारलं, तो गिअरबॉक्स कोणाच्या गाडीचा. त्याने फडक्याला हात पुसले.

"घाटात दरीत गेलेल्या गाडीचा हाय, एवढंच भंगारवाला बोल्ला, वहिनी. परागदादानी पुढं इचारलं न्हाय. मी पण न्हाय."

मी कशाला विचारतेय, हे त्याने विचारलं नाही. उद्या गाडी आणा, काढून टाकतो, म्हणाला. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून निघाले. मुर्ध्याचा फाटा दिसला, उत्तमच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्परही दिसलं. मी तिथे वळणारच होते. पण वळल्यावर पुढे काय, ते डोळ्यांसमोर आलं. रिक्षाने घरी जायचं, कुलूप उघडायचं, एका माणसापुरता भात लावायचा, आणि येणारा रविवार नुसता खिडकीत बसून काढायचा. मी सरळ पुढे गेले. वळणावर क्लच दाबला. हात आला, अंगठ्यांसकट. मी माझा काढून घेतला नाही.

ऑफिसात तुम्ही विचारलंत, मृणालिनीताई, गाडी अजून का ठेवली आहेस, म्हणून सांगतेय. कोणाला हे बोलले नव्हते. आता मी त्याला परागच्या नावाने हाक मारत नाही. कुठल्याच नावाने मारत नाही. पण बोलते.

परवा सकाळी काचा पुसायला खाली उतरले. गाडी लॉक होती, काचा वर होत्या, चावी माझ्याकडे. डाव्या सीटचा बेल्ट लावलेला होता. ते मी समजून घेतलं असतं. पण मागच्या सीटचेही लावलेले होते, सगळे. आणि मधला पट्टा ओढून इतका आखूड केला होता, की तो एखाद्या लहान मुलाच्याच कमरेला बसावा.