मठरीच्या घराची पडझड

अनुसूयाबाईंचं मठरीचं, म्हणजे मैद्याच्या खाऱ्या पुऱ्यांचं, घर कोसळलं आणि दुपारी दोनला त्यांनी नीरजाला बोलावणं धाडलं. नीरजाची चौकशीची कचेरी झाशीच्या सीपरी बाजारात. सोबतीला शशिकांत, रेल्वेतून निवृत्त झालेला कारकून. माणूस भला, पण डोकं पॅसेंजरच्या चालीनं चालायचं.

दारातच एक भरलेली सुटकेस होती. शशिकांत अडखळला.

"सुनेची आहे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही गुन्हा शाबीत करा, की ही पाचच्या बसनं टहरौलीला, माहेरी. पुन्हा या घरात पाऊल नको."

संध्याकाळी मराठी मंडळात खाऱ्या खाऊच्या घरांची स्पर्धा होती. बाईंनी आठ दिवस खपून पाटावर घर उभं केलं होतं. मठऱ्यांच्या भिंती, चकल्यांचं छप्पर, सांध्यांना गुळाचा पाक. आता नुसता ढिगारा.

नीरजा वाकली. छपराच्या चकल्या अख्ख्या, कोरड्या. तळच्या मठऱ्या मात्र बोटाला चिकटत होत्या. ढिगाऱ्यातून तिनं तुळशीचं एक पान उचललं.

"वाऱ्यानं पडलं असेल," शशिकांत म्हणाला.

"बंद खोलीत, भैया?"

बाई सांगू लागल्या. "दहाला घर पुरं झालं. हिनं फोटो काढला नि बाहेर गेली. मागून मी खोलीला कुलूप घातलं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. हिला आमच्या रीती काय ठाऊक? आमच्याकडे नैवेद्याशिवाय कण तोंडात जात नाही, ही येता-जाता बकाणे भरते."

सून शिवांगी भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

"मम्मीजी, बारा बजे मैं सिर्फ चार्जर लेने गई थी. घर थोड़ा टेढ़ा लगा. हाथ नहीं लगाया."

तिच्या फोटोत घर ताठ होतं. छपरावर चकल्या, बाकी काही नाही.

सासरे श्रीकृष्णपंत पेपराआडून म्हणाले, "मला काय विचारता? साडेदहाला एक उरलेली चकली खाल्ली, एवढंच."

"डब्यातून घेतलीत?"

"छे!" पंतांनी बायकोकडे बोट दाखवलं. "हिनं हातावर ठेवली. चाळीस वर्षांत डब्याला हात लावायची माझी छाती झाली नाही."

"मग सूनच," शशिकांत पुटपुटला. "किल्ली तिच्याकडे होती."

नीरजा खुर्चीत बसली. "धक्का लागला असता, तर आधी चकल्या फुटल्या असत्या. हे घर खालून बसलं, सावकाश. बाराला ते कललंच होतं. तळाला पाणी लागलं होतं."

"पाणी कोण ओतेल?" बाई म्हणाल्या.

"ओतलं नाही, फिरवलं. दहाच्या फोटोत तुळशीचं पान नाही, ढिगाऱ्यात आहे. तुमच्याकडे नैवेद्याशिवाय कण तोंडात जात नाही, आणि साडेदहाला तुम्हीच पंतांना चकली दिलीत. म्हणजे त्याआधी नैवेद्य झाला होता. कुलूप घालण्यापूर्वी तुम्ही छपरावर पान ठेवलंत, हात जोडलेत, पाटावर घराभोवती पाणी फिरवलंत. मठऱ्यांनी आणि गुळानं ते ओढून घेतलं. रोजचा सवयीचा हात, ध्यानात कसा राहील? पण जिला तुमची रीत ठाऊक नाही, तिच्या हातून हे झालेलं नाही."

अनुसूयाबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांना शरमेनं मान वर करवेना.

शशिकांत उठला, दारातली सुटकेस उचलून आतल्या खोलीत ठेवून आला. आज पहिल्यांदाच त्याला न सांगता काही उमगलं होतं.

बाईंनी ढिगाऱ्यातली एक अख्खी चकली उचलली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

"खा," त्या म्हणाल्या. "नैवेद्य झालाय."