दोन्ही गाठी आतून

वीज गेली म्हणून सगळी नातवंडं गच्चीवर जमली होती. आजोबांनी चष्मा पुसून खिशात ठेवला.

"बनवलेली गोष्ट नको हं," थोरली नात म्हणाली.

"बनवायला मी काय शिंपी आहे? माझ्या सख्ख्या दादाची गोष्ट आहे ही."

दादा तुरुंगात कारकून होता. सुटकेचे कागद त्याच्या टेबलावरून पुढे जायचे. त्या मंगळवारी रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी तो तुरुंगाच्या फाटकाशी पोहोचला. काम साधंच होतं. शर्टाच्या खिशात एक कागद होता, तो जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवून घरी जायचं. सकाळी नऊला त्याच कागदाची चौकशी होती.

"काका, एवढ्या रात्री? काकूंनी घराबाहेर काढलं की काय?" पहारेकरी हसला.

"एक नोंद राहिलीय रे," दादा म्हणाला.

कागद एका शिंप्याच्या जामिनाचा होता. तो महिन्यापूर्वीच आला होता. पण शिंपी तुरुंगातल्या शिवणखात्यात दादाच्या लेकीच्या लग्नाचे कपडे फुकटात शिवत होता. आठ दिवसांनी काय बिघडतंय, म्हणून दादाने कागद खणात ठेवला. शिंपी रोज विचारायचा, "साहेब, आला का?" दादा म्हणायचा, "आला की मीच सांगेन ना तुला."

शिंपी होता ती तीन नंबरची बराक चाळीस जणांची, आत एकशे तीस. माणसं दोन पाळ्यांत झोपायची. अर्धी उभी राहायची आणि दोन वाजता आडव्या झालेल्यांना उठवायची. पाचव्या रात्री फार उकडत होतं. शिंपी उभ्यांच्या पाळीत होता. दोन वाजले, सगळे हलले, तेव्हा कळलं की तो कधीचाच गेलाय. पडायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून उभाच राहिला होता.

मग बोंब झाली. कैद्यांना दुसरीकडे हलवलं. रिकाम्या बराकीत जुने गठ्ठे रचले.

दादा तिथेच शिरला. गठ्ठा सोडला, तेवढ्यात दिवे गेले. आता येतील म्हणून तो भिंतीला टेकला. दिवसभर पोटात अन्न नव्हतं, काळजीने झोप नव्हती. बसल्या जागी आडवा झाला आणि डोळा लागला.

कुणीतरी खांद्याला हात लावला. हळूच.

"उठा. दोन वाजले."

दादा उठून बसला. गडद अंधार.

"कोण आहे?"

काहीच नाही. मग अगदी जवळून…

"माझी झोपायची वेळ झाली, साहेब."

आवाज ओळखीचा होता. दादा उभा राहिला. मागे सरकायला गेला, तर मागे पाठ. उजवीकडे खांदा. डावीकडे खांदा. घामाचा वास. माणसं… पण कुणाचाच श्वास नाही. त्याला हातही वर करता येईना.

खाली कुणीतरी आडवं झालं. कैद्यांची असते तसली घोंगडी सरकल्यासारखी वाटली.

"तुम्ही सांगणार होतात," आवाज म्हणाला. रागाने नाही. लहान मूल म्हणतं ना, तसं.

दादा तसाच उभा. तीन वाजले… चार…

उजाडताना खांदे निघून गेले आणि दादा कोसळला. पहारेकऱ्याने त्याला बाहेर आणलं. चहा दिला. दादाचा हात खिशाकडे गेला. खिसा शिवलेला होता. बारीक टाके, घोंगडीचा काळा दोरा.



"मग कागद?" धाकट्याने विचारलं.

"दादा तसाच, शिवल्या खिशाने चौकशीला गेला. चौकशी करणाऱ्या बाईंनी कात्रीने टाके कापले. कागद निघाला. दादाची नोकरी गेली."

"त्यांनीच शिवला असेल खिसा. भ्रमात," थोरली म्हणाली.

"आम्हीही तेच म्हणालो. मग तुमच्या आजीने तो खिसा उलटा करून पाहिला. तिचा शिवणाचा हात चांगला. ती म्हणाली, खिसा बंद करताना पहिली गाठ आत राहते, शेवटची बाहेर मारावीच लागते. आत हात कुठला जाणार?"

आजोबांनी खिशातून चष्मा काढला.

"दोन्ही गाठी आतून होत्या."