खिडक्यांची खडखड

"अहो, पकडा! पकडा!"

हाक वरून आली, आणि पाठोपाठ काच.

दुकान बंद करून दवाखान्याच्या आवारातून घरी निघाले होते मी. पाय ओढत. अंगात त्राण नव्हतं, पण काच दिसली की माझे हात मला विचारत बसत नाहीत. अलगद झेलली... आणि वर पाहिलं. आवारात उभ्या एका जुन्यापुराण्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून एक जण वाकून बघत होता. केस विस्कटलेले, चष्मा नाकावर घसरलेला, चेहरा माझ्याइतकाच दमलेला.

"लागलं का?"

"काच शाबूत आहे."

"काचेचं नंतर बघू. तुम्हाला विचारतोय."

असं मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. बाबांची कंबर धरल्यापासून काचेचं दुकान माझ्या गळ्यात पडलं होतं. कापणं, बसवणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं... आणि घरी गेलं की आईचं सुरू, "जरा काचेपलीकडेही बघ गं बाई!"

"सरकत नव्हती, म्हणून जरा उचलली," तो ओशाळून म्हणाला.

"सरकती खिडकी रेटायची नसते. तिला काय होतंय ते बघायचं असतं."

गावोगाव फिरून लोकांचे कान तपासायचे, हे त्याचं काम. ही गाडीच त्याचं घर आणि कान तपासायची खोलीही. "पेशंटला सांगतो, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. पण वारा सुटला की सगळ्या खिडक्या खडखडतात! परवा एका आजींनी शिट्टी सोडून खिडकीलाच दाद दिली."

मी हसले. गालांना सवयच राहिली नव्हती, जरा दुखलेच.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद केलं की मी तिकडे जाऊ लागले. खिडक्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांची माती बसली होती. पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजली होती, त्यामुळे पावसाचं पाणी आत झिरपायचं. खाचेतली लोकरी पट्टी झिजून गेली होती, म्हणून काच हलायची. मी तारेने भोकं मोकळी केली, तो जुन्या ब्रशने माती काढत राहिला. मग त्याने तेलाची बाटली आणली.

"तेल नको. त्याला धूळ चिकटते. आज सरकेल, पुन्हा रुसेल. मेणबत्ती घासा."

"रुसलेल्याला लोणी लावतात असं ऐकलं होतं."

"लोणी माणसांना. खिडकीला मेण."

"आणि काचवालीला?"

"काचवालीला चहा चालेल," मी म्हणाले, आणि उगाचच पट्टी मोजू लागले.

एका संध्याकाळी पट्टीचा गोंद वाळेपर्यंत बाकावर टेकले, ती तिथेच झोपले. बाहेर बारीक पाऊस होता. जाग आली तेव्हा उरलेली खाच लख्ख झाली होती, आणि तो पाय वर घेऊन बसला होता. पायाखालची फळी करकरू नये म्हणून.

"उठवायचं नाही का?"

"दमलेल्याला उठवू नये. आणि... झोपेत तुमच्या कपाळावरची आठी जाते."

घरी जाताना दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटची खिडकी बसवली त्या दिवशी चांगलाच वारा होता. काच एका बोटाने सरकली. बंद केली, तर हूं नाही की चूं नाही. काम संपलं की मला हलकं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

"उद्या निघायचंय," तो म्हणाला. "इथल्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणतात, कायमचे इथेच या. पण माझं ठरत नाहीये. फिरून फिरून वीट आलाय... तरी एकट्यासाठी मुक्काम तरी कुठे करायचा?"

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले. हत्यारं पिशवीत भरली. "निघते मी."

"थांबा. दिवसभर काच कापता, कान तपासून देतो. आता खिडक्याही गप्प आहेत."

त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, स्वतः माईकसमोर बसला आणि ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडापुढे एक पुठ्ठा धरला. "मी म्हणेन तेच परत म्हणायचं."

"पाणी."

"पाणी."

"खिडकी."

"खिडकी."

आवाज हळूहळू बारीक होत गेला. रस्ता... चांदणं... उशी... मी म्हणत गेले. डोळे आपोआप मिटले.

"दमलीस."

क्षणभर मला वाटलं, चुकीचं ऐकलं. हा मला 'तू' कधी म्हणाला नव्हता.

"दमलीस," मी म्हणाले.

"मीपण."

"मीपण..."

बाहेर वारा झाडं हलवत होता आणि आत एकही काच वाजत नव्हती. आणि मग, श्वासाहूनही हलकं —

"राहू?"

मी डोळे उघडले. पुठ्ठ्याच्या वरून तो माझ्याकडे बघत होता.

"राहा," मी म्हणाले.

पुठ्ठा खाली आला. "चुकलं," तो म्हणाला, आणि त्याचा स्वर ओला झाला. "शब्द 'राहू' होता."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "नीट ऐकू आलं मला."