आक्काचा गुरुवार

“आक्काचं नाव कशाला लिहितेस? गुरुवारी तिचा उपास असतो की!”

नवनाथ बायकोला अगदी सहज म्हणला, पायातले बूट काढता काढता... आणि सैपाकघरात मेथी निवडत बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचा, जयमालाआक्काचा हात जागच्या जागी थांबला.

बाहेर हॉलमध्ये जेवणाचा बेत चालला होता. नवनाथच्या पोरीचं, स्वप्नालीचं, लग्न जमलं होतं. मुलगा शेखर, गुणी पोरगा. त्याच्या वडलांचं, कोंडीरामचं, इथंच पिंपरी-चिंचवडला, चिखलीत लेथचं छोटं वर्कशॉप. सोयरीक पक्की झाली म्हटल्यावर दोन्ही घरांनी एकदा मिळून जेवावं, तेही साध्यासुध्या हॉटेलात न्हाई, तर घाटाखालच्या त्या राजतरंग पार्कात, असं नवनाथच्या मनानं घेतलं होतं. तिथं ‘नौकामहाल’ म्हणून लई थाटाचं रेस्टॉरंट हाय, राव! तळ्यात नावा, नावेत टेबलं, वाढप्यांच्या डोक्याला जरीचे फेटे. एका नावेत खुर्च्या सहा, त्या फोनवर राखून बी ठेवल्या होत्या. तीन ह्यांच्या, तीन त्यांच्या. कसं चपखल बसलं होतं बघा! आणि वार गुरुवार, कारण आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी ज्याची त्याची असते. नवनाथच्या कंपनीला गुरुवार, कोंडीरामच्या वर्कशॉपला गुरुवार, आणि आक्का पिंपरीला ज्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागली, त्या कॅन्टीनला बी गुरुवारच.

सदतीस वर्षं झाली त्याला! बाप गेला तेव्हा आक्का एकोणीस वर्षांची आणि नवनाथ नऊचा. तिनं लग्नाचं नाव काढलं न्हाई. भावाला शिकवलं, त्याचा संसार उभा केला, स्वप्नालीला तर अंगाखांद्यावर वाढवलं. आणि आज त्या पोरीच्या आनंदाच्या ताटावर हिलाच जागा नव्हती...

आक्का उठली. मेथीची पाटी तशीच खाली ठेवली आणि पदराला हात पुसत हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

“रुपाली,” ती भावजयीला म्हणली, “माझं नाव लिही.”

रुपालीनं नवऱ्याकडं बघितलं. “आक्का, नावेत सहाच बसतात हो. आणि तुमचा गुरुवार... मी तुमच्यासाठी साबुदाणा भिजत घालूनच जाणार होते.”

“साबुदाणा!” आक्का म्हणली. “इतकी वर्षं खातेय मी तो साबुदाणा. नरड्याखाली उतरत न्हाई माझ्या. माझं नाव लिही.”

“आक्का, असं काय करतीस?” नवनाथ वैतागला. “तुझं कडक व्रत हाय म्हणून मी व्याह्यांना कौतुकानं सांगितलंय. आता तूच तिथं येऊन जेवलीस तर काय म्हणतील ती माणसं? आणि तुला तरी तिथं काय सुधरणार हाय? जाशील आत भटारखान्यात आणि बसशील त्यांच्या डाळीला नावं ठेवत!”

बोलून गेला खरा... पण शब्द आक्काच्या काळजात जाऊन रुतला. ज्या हातांनी ह्याला भरवलं, त्या हातांची लाज वाटायला लागली ह्याला? डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिनं ते खाली पडू दिलं न्हाई.

स्वप्नाली ताडकन उठली. “पप्पा, आत्या नसेल तर मीपण येणार नाही. सांगून ठेवते!”

“तू गप गं,” आक्का म्हणली. “तू न्हाई आलीस तर तुझं जेवण बुडंल, माझं काय भागंल? माझ्यासाठी माझी मी भांडते. लाव फोन त्या होडीवाल्याला.”

स्वप्नालीला हसू आवरेना. तिनं फोन लावून आत्याच्या हातात दिला.

“हॅलो, मी जयमाला बोलते, पिंपरी-चिंचवडहून. आमचं गुरुवारचं सहा माणसांचं हाय ना, ते सात करा... नावेत बसत न्हाई? मग काठावर मांडा की! अहो भाऊ, मी रोज तीन शिफ्टची माणसं जेवायला घालते. ऐन वेळी ओव्हरटाइमवाले पन्नास वाढले तरी कुणाला माघारी धाडलं न्हाई कधी. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या महालात एक खुर्ची जड झाली व्हय? ...हां. आठांचं टेबल? काठावर? चालतंय. नाव लिहा, जयमाला.”

फोन परत देऊन ती मेथी निवडायला गेली.

गुरुवारी संध्याकाळी आक्का मोरपंखी इरकल नेसून गाडीत सगळ्यात आधी जाऊन बसली, तीही पुढच्या सीटवर! गाडी घाट उतरायला लागली. पण आक्काच्या मनात काय वादळ उठलं होतं म्हणून सांगू... रागाच्या भरात निघालो खरं, पण आता पोरीच्या सासरच्यांसमोर काही वाकडं झालं तर? माघारी फिरावं का? न्हाई! एवढी वर्षं माघारीच फिरत आलोय आपण, आता न्हाई...

पार्कातले पाळणे लांब फिरत होते, तळ्यात दिव्यांच्या माळा हलत होत्या. प्लास्टरच्या बुरुजाखाली आठ खुर्च्यांचं टेबल मांडलं होतं. कोंडीराम, त्याची बायको आणि शेखर आधीच आले होते. शेखर आक्काच्या पाया पडला. फेटेवाला वाढपी वही घेऊन आला तशी रुपाली हळूच त्याला म्हणली, “ह्यांच्यासाठी उपासाचं काही मिळेल का?”

“उपासाचं नको,” आक्का मोठ्यानं म्हणली. “जेवणाचं आण. भाकरी हाय ना? आणि झणझणीत काहीतरी.”

कोंडीराम साधा माणूस, भाबडेपणानं म्हणला, “ताई, व्याही तर म्हणत होते, तुमचा तीस-पस्तीस वर्षांचा गुरुवार हाय म्हणून. आज काय उद्यापन वगैरे?”

आता मात्र नवनाथचा बांध फुटला. “उद्यापन कसलं, पाव्हणं! निव्वळ हट्ट! आक्का, अगं देवाला दिलेलं व्रत तू एका जेवणापायी मोडतीस? देवाची तरी भीड ठेव!”

“कुठल्या देवाला रं?” आक्कानं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. “सांग की. गुरुवारचं मला कधी कुठल्या देवळात बघितलंस? घरात पोथी बघितलीस? एक उदबत्ती तरी लावलेली बघितलीस?”

नवनाथनं हातातलं मेन्यूकार्ड खाली ठेवलं.

“कासारवाडीची खोली आठवती? रुळाच्या कडंची? आठवड्यातले सहा दिवस मी कॅन्टीनमध्ये जेवून यायची. घरात आई आणि तू, दोघांपुरतं पीठ पुरायचं. पण गुरुवारी कॅन्टीन बंद! त्या दिवशी मी बी घरात, खाणारी तिसरी. आईनं चार भाकरी केल्या व्हत्या. तू तेव्हा बारा वर्षांचा, अंग धरत व्हतास. तुझ्या वाटणीच्या दोन संपवल्यास आणि माझ्या ताटाकडं बघत बसलास... टक लावून! मागितली न्हाईस रं, मागितली असतीस तर मी रागावले तरी असते. नुसता बघत बसलास. तवा मी म्हणले, घे बाबा माझी, माझा आजपासून गुरुवार हाय.”

ती पेल्यातलं घोटभर पाणी प्यायली आणि पुढं बोलायला लागली.

“आईला सगळं कळलं. तिनं मान खाली घातली ती जेवण होईस्तोवर वर केली न्हाई. पुढं तू कमावता झालास, कणगीभर धान्य आलं घरात. मला वाटायचं, आता कुणीतरी म्हणंल, आक्का, बास झाला तुझा गुरुवार, बस आमच्यासंगं. आई असती तर ती म्हणली असती. पण ती गेली, आणि तुमी सगळ्यांनी मला देवाची करून टाकलं! दर गुरुवारी तुमची सुट्टी, तुमची मटणं, तुमचे वाढदिवस, आणि मी वाढायला उभी. आज पोरीचं सुख आलं, तर तिथं बी माझी खुर्ची मोजायची न्हाई? मी न्हाई ऐकायची! मी येणार, बसणार आणि पोटभर जेवणार!”

कोंडीरामच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. रुपालीची मान वर होईना. “आक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं हो...” ती पुटपुटली. “तो साबुदाणा...”

“तुझं काय चुकलं? मी कधी सांगितलं व्हतं? पण आता सांगितलं. पुन्हा भिजत घालू नगंस.”

आणि नवनाथ... पन्नाशीकडं झुकलेला, कंपनीत ज्याच्या हाताखाली दोनशे माणसं कामाला, तो गडी लेकरासारखा हमसून हमसून रडायला लागला. “म्हंजे ती तिसरी भाकरी... आक्का, मी दर गुरुवारी वाट बघायचो गं! मला वाटायचं, गुरुवार किती चांगला, जास्तीची भाकरी मिळती! आणि ती तुझी...” तो खुर्चीवरून उठला आणि त्या झगमगाटात, सगळ्या लोकांदेखत, त्यानं बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं. “आजपासून मी करणार गुरुवार. जिवंत असेपर्यंत!”

“खबरदार!” आक्का एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या नावेतली माणसं वळून बघायला लागली. “इतकी वर्षं उपाशी राहिले ती काय तुला उपाशी बघायला? गुरुवारी ह्या घरात आता कुणी उपाशी राहायचं न्हाई. ऊठ, नाक पूस. व्याही काय म्हणतील?”

“व्याही म्हणतात, भूक लागली!” कोंडीराम म्हणला, आणि रडता रडता सगळी हसली.

वाढप्यानं वेताच्या टोपलीत भाकऱ्या आणून ठेवल्या, हाताच्या पंजाएवढ्या, नाजूक. आक्कानं एक उचलून उलटीपालटी केली. “हिला काय भाकरी म्हणत्यात? आमच्या कॅन्टीनला माणसं फेकून मारतील मला.” स्वप्नाली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खदखदा हसायला लागली.

वाढप्याला बाजूला सारून नवनाथ स्वतः वाढायला उभा राहिला. त्यानं एक भाकरी घेतली, लहानपणीच्या सवयीनं मधोमध मोडली आणि अर्धी आक्काच्या ताटात ठेवली.

आक्कानं त्या अर्धुकाकडं बघितलं. मग भावाकडं बघितलं. आणि आता कुठं तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

“अर्धी नगं रं नवनाथा,” ती म्हणली. “आख्खी वाढ.”