समासातली सही

मी नकाशांच्या खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या मागे उभी राहून मनसोक्त रडत होते… आणि नेमका तेव्हाच तो माणूस फळ्यावरचा लाकडी परकार शोधत आत आला.

दुसरा कुणी असता तर एक तर 'सॉरी' म्हणून पळाला असता, नाहीतर 'काय झालं हो मॅडम?' करत अख्खी स्टाफरूम गोळा करून घेऊन आला असता. हा दारातच थांबला. माझ्या हातातल्या चुरगळलेल्या कागदाकडे त्याने पाहिलं आणि विचारलं,

"नोटीस किती तारखेची आहे?"

"काय?" मी नाक पुसत म्हटलं.

"नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. रडण्यात किती गेले ते बघतोय."

अस्सा राग आला म्हणून सांगू! एक तर ओळख ना पाळख. गणिताचे हे शिक्षक महिन्यापूर्वीच बदली होऊन आले होते, आणि एवढ्यात त्यांचं 'कलमसर' असं बारसंही झालं होतं. कारण स्टाफरूमचा पंखा बंद पडला तरी हे गृहस्थ सेवानियमातलं कलम सांगायचे.

"आजच मिळाली," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"मग अजून चौदा दिवस रडता येईल," ते शांतपणे म्हणाले आणि हात पुढे केला. "वाचू?"

त्यांच्या बोटांना खडूची भुकटी लागलेली होती. का कोण जाणे, मी कागद दिला.

गोष्ट अशी होती. तीन आठवड्यांपूर्वी मी सहावीच्या वर्गात नद्या शिकवत होते, आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीला दम्याचा झटका आला. तिचा पंप घरी राहिला होता. ओठ निळे पडायला लागले. हेडसरांच्या खोलीला कुलूप, आणि प्रथमोपचाराच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. मी शिपाईमामांना फाटकावरून बोलावून वर्गाच्या दारात उभं केलं, पोरीला उचललं, समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या स्कूटरवर बसले आणि दवाखाना गाठला. पोरगी वाचली. पण इकडे वर्गात एक दिवटा बाकावर चढून नाचला, पडला आणि त्याच्या हनुवटीला तीन टाके पडले. त्याचे वडील नेमके शाळेच्या समितीवर.

नोटिशीत तीन आरोप होते. वर्ग वाऱ्यावर सोडला, परवानगी घेतली नाही, आणि फाटकावरच्या वहीत बाहेर जाण्याची नोंद केली नाही. मी अजून कायम झाले नव्हते. कायम व्हायला दोन महिने उरले होते. आरोप सिद्ध झाले तर ही नोकरी जाणारच होती, वर पुन्हा कुठल्याही सरकारी शाळेच्या दारात कुणी उभं केलं नसतं. आईला तर मी अजून काही सांगितलंच नव्हतं.

"सगळे म्हणतात, माफी मागून मोकळी हो," मी म्हटलं. "हेडसरांनी मजकूरसुद्धा तयार ठेवलाय. मी घाबरून निर्णय घेतला आणि तो चुकला, असा."

"चुकला का?"

"नाही!"

पहिल्यांदाच त्यांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे नीट पाहिलं. "मग सही करू नका. चौकशी होऊ दे. मुलाचा जीव आधी, हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. आणि चौकशीत तुम्हाला वकील मिळत नसला तरी शाळेतला एक सहकारी शेजारी बसवता येतो. तो तुमचा हक्क आहे."

"कोण बसणारे? सकाळपासून माझ्याशी बोलताना प्रत्येकाला घड्याळ आठवतंय."

"मी बसेन."

"तुम्ही? का?"

ते जरा गडबडले. "मला… रिकामी खुर्ची बघवत नाही," असं काहीतरी पुटपुटले आणि तरातरा निघून गेले. परकार न घेताच!

मग रोज शाळा सुटल्यावर नकाशांच्या खोलीत आमची तालीम सुरू झाली. ते दार सताड उघडं ठेवायचे.

"हेही कलम आहे का?" मी एकदा विचारलं.

"नाही. हे शहाणपण आहे. स्टाफरूमला तोंडं आहेत."

तालमीत ते हेडक्लार्क व्हायचे, कारण शाळेची बाजू हेडक्लार्क मांडणार होते. डोळे बारीक करून, पान चघळल्यासारखा आवाज काढून ते विचारायचे, "काय हो मॅडम, वर्ग सोडलात की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो, पण—"

"पण नाही. 'पण'वरच ते तुम्हाला पकडतील."

"मग काय म्हणू?"

"म्हणा, हो, मामांना दारात उभं करून सोडला. आधी खरं सांगायचं. मग पूर्ण खरं सांगायचं."

"तुम्ही कधी पूर्ण खरं सांगता का हो?" मी सहज चिडवलं. "त्या दिवशी खुर्चीचं कारण सांगितलंत, ते मला काही पटलेलं नाही."

त्यांचे कान लाल झाले. गणिताच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "विषय सोडू नका," ते म्हणाले आणि उगाच कागद चाळत बसले. बाहेर सायकलींच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. मला वाटलं, ही चौकशी आणखी महिनाभर लांबली तरी चालेल… आणि लगेच वाटलं, मेले, नोकरी जायची वेळ आलीय आणि सुचतंय काय!

चौकशीचा दिवस उजाडला. शाळेच्या ग्रंथालयात टेबलं जोडली होती. चौकशी अधिकारी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. करड्या केसांच्या, जाड पेन हातात धरून बसलेल्या, आणि अशा बघायच्या की गृहपाठ केलेला असूनही वाटावं, केला नाही. शेजारी टंकलेखक. समोर हेडक्लार्क आणि हेडसर. माझ्या बाजूला मी आणि कलमसर.

"सहाय्यक म्हणून बसायचं तर इथे सही करा," बाईंनी एक छापील कागद कलमसरांकडे सरकवला. "माझे संबंधित कर्मचाऱ्याशी नाते नाही आणि चौकशीच्या निकालात माझा वैयक्तिक हितसंबंध नाही. हं."

कलमसरांनी पेन उघडलं. कागदाला टेकवलं. आणि… थांबले.

एक मिनिट गेलं. हेडक्लार्क खाकरले. मी टेबलाखालून त्यांच्या बाहीला हळूच ओढलं, "अहो, करा ना!"

त्यांनी पेन मिटवलं. "मला ही सही करता येणार नाही, बाई."

"का?"

"करता येणार नाही."

"मग कारण लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "ते आजच्या नोंदीत जाईल."

त्यांनी दोन-तीन ओळी लिहिल्या, कागद बाईंना दिला, आमच्या तयारीची फाईल माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. दार लागलं.

हेडसर हसले. खरंच हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळपुटा! इतके दिवस मारे कलमं पाजळली, आणि ऐन वेळी हेडसरांना घाबरून हात झटकून मोकळा! डोळ्यांत पाणी येत होतं, पण त्या हसण्यापुढे रडायचं नाही एवढं मी ठरवलं.

"तुम्हाला पुढची तारीख हवी का?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "मी एकटीच बोलेन."

हेडक्लार्कनी अगदी तालमीतलाच प्रश्न टाकला. "वर्ग सोडलात की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो. मामांना दारात उभं करून सोडला."

"मुख्याध्यापकांची परवानगी घेतली नाहीत."

"नाही घेतली."

त्यांचा चेहरा खुलला. मी फाईल उघडली. पहिल्याच पानावर त्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'ज्या वहीचा आरोप, ती वही मागा. कागद बघणं हा तुमचा हक्क आहे.' राग होता तरी ते अक्षर बघून मला धीर आला, हे कबूल करायला हवं.

"मला त्या दिवसाची फाटकावरची वही बघायची आहे," मी म्हटलं. "आणि शिपाईमामांना एक प्रश्न विचारायचा आहे."

वही आली. मामा आले. माझं नाव त्या पानावर नव्हतंच. पण दुसऱ्याही कुणाचं नव्हतं.

"मामा, त्या दिवशी हेडसर शाळेत होते?"

मामा चपलांकडे बघत उभे राहिले. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. हेडसर त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मामांनी 'होते' म्हटलं की संपलं सगळं.

"नव्हते, बाई," मामा शेवटी म्हणाले. "सकाळीच गेले होते. किल्ल्या घेऊन. वहीत लिहीत नाहीत ते. मी म्हणणार तरी कसं?"

मी वहीचं ते पान हेडसरांपुढे सरकवलं.

"मी परवानगी कुणाकडे मागायची होती, ते आता शाळेने सांगावं," मी म्हटलं. "त्या पोराच्या टाक्यांचं मला वाईट वाटतं. मी त्याच्या घरी जाऊन तसं सांगूनही आले. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा हेच करेन. वहीत नोंद केली नाही, तेवढं मात्र चुकलं."

बाईंचं जाड पेन बराच वेळ चालत होतं.

दुपारनंतर टंकलेली नोंद माझ्यापुढे आली. "प्रत्येक पान वाचा, मगच सही करा," बाई म्हणाल्या. "एखादी गोष्ट चुकीची असेल तर दुरुस्ती करायचा तुम्हाला हक्क आहे."

पान पहिलं. चौथी ओळ.

'सहाय्यकाने दिलेले कारण: संबंधित शिक्षिकेवर माझे प्रेम आहे. ते एकतर्फी असून त्यांना याची कल्पना नाही. त्यांच्या निकालात माझा हितसंबंध नाही असे मी लिहून दिले तर ते खोटे ठरेल, आणि तो खोटेपणा उद्या त्यांच्या अंगाशी येईल.'

मी ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. पळपुटा म्हणत होते मी… आणि या माणसाने माझ्या पाठीमागे एवढं मोठं काम करून ठेवलं होतं, तेही तीन प्रतींत!

"काही चूक आहे का?" बाईंनी विचारलं.

नुसती सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कागदोपत्री मी बिचारी अजाण राहिले असते. मी पेन उचललं.

"एक शब्द चुकीचा आहे, बाई. 'एकतर्फी'."

हेडक्लार्क ताडकन उठले. "बघा! म्हणजे दोघांचं आधीपासून संगनमत! मामांनासुद्धा यांनीच पढवलं असणार!"

"बसा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "विचार करा, मुली. दुरुस्ती केलीत तर ती माझ्यावरच्या साहेबांपुढेही जाईल. ते हेच म्हणू शकतात. तुमची नोकरी टांगणीला आहे."

आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण चुकीच्या मजकुराखाली सही करायची नाही, म्हणूनच तर मी इथवर आले होते.

"विचार केला, बाई. तो शब्द खोटा आहे."

"आणि पुढचं? 'त्यांना याची कल्पना नाही'?"

"ते राहू द्या. ते खरंय. मला खरंच कल्पना नव्हती."

बाईंच्या चष्म्याआड काहीतरी हललं. "समासात सही करा," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "दुरुस्तीला सही लागते."

मी 'ते एकतर्फी असून' एवढं खोडलं आणि समासात सही केली.

त्यानंतरचे सतरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कलमसर स्टाफरूममध्ये फिरकेनात. डबासुद्धा वर्गातच खायचे. व्हरांड्यात समोरासमोर आलो की भिंतीला चिकटून निघून जायचे. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं असणार, एवढं त्यांना ठाऊक होतं. मी काय खोडलं ते ठाऊक नव्हतं. आणि निकाल लागण्याआधी सांगायला माझी जीभ रेटेना. नोकरी गेली तर हा माणूस जन्मभर स्वतःलाच दोष देत बसला असता.

अठराव्या दिवशी लिफाफा आला. पहिले दोन आरोप सिद्ध होत नाहीत. तिसऱ्यासाठी, म्हणजे वहीत नोंद न केल्याबद्दल, लेखी ताकीद. नोकरी कायम. आणि खाली एक ओळ होती, 'पान एकवरील दुरुस्तीचा पुराव्याशी संबंध नाही.'

मी व्हरांड्यातूनच आईला फोन करून पहिल्यापासून सगळं सांगितलं, रडले, हसले, आणि नोंदीची प्रत घेऊन थेट नकाशांच्या खोलीत गेले. ते तिथेच होते. परकार परत ठेवत होते.

"अभिनंदन," ते परकाराकडे बघत म्हणाले. "कळलं मला. आता मी बदलीचा अर्ज करतो. तुम्हाला उगाच अवघड नको व्हायला."

"आधी हे वाचा."

"नको. मी जे लिहिलं ते विसरून जा. मला—"

"वाचा म्हणते ना!"

त्यांनी कागद घेतला. चौथ्या ओळीवर नजर थांबली. मग समासात गेली. तिथेच राहिली. कान लाल होत गेले… लाल, आणखी लाल. माझाच धीर सुटायला लागला.

"दुरुस्तीखाली," शेवटी घसा खाकरत ते म्हणाले, "तारीख घातलेली नाही."

"अहो, पण तारीख मला तरी कुठे नक्की ठाऊक आहे?" मी म्हटलं. "परकार न घेता गेलात, तो दिवस धरा हवं तर."

त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशाच्या पेटीवर कागद ठेवला आणि माझ्या सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली. त्यांना ती पाठ होती. मग पेन तसंच उघडं धरून, मान वर न करता, अगदी हळू म्हणाले,

"दार… लावू का?"

"नको," मी म्हटलं आणि त्यांचा खडूने माखलेला हात हातात घेतला. "उघडंच राहू दे. बघू देत सगळ्यांना."